मूठ

आमचे अण्णा तरुणपणी तालमीत जायचे. आम्हा भावांच्या दंडाला हात लावून म्हणायचे, "फुगवता कुणालाही येतं रे, सैल सोडता आलं पाहिजे." मातीत सतत ताठ राहणारा गडी लवकर दमतो, असा त्यांचा अनुभव. पुढे मी प्राणिशास्त्र शिकवू लागलो आणि अण्णांचे बोलणे किती खरे होते ते कळले.

स्नायू हा दोरखंडासारखा असतो. दोरात पेड, पेडात धागे. आत आत शिरत गेले की मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी एकेक खोली लागते. तिच्यात मायोसिनचे जाड आणि अॅक्टिनचे बारीक तंतू. स्नायू आखडतो तेव्हा हे तंतू आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंधांनी हे मांडले. एकात अँड्र्यू हक्सली, दुसऱ्यात ह्यू हक्सली. (नात्यातले का? नाही. मुले दरवर्षी विचारतात.) वर्गात मी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवून दाखवतो. कॅल्शियमने वाट मोकळी केली की मायोसिनची डोकी अॅक्टिनला पकडून ओढतात. आणि ती पकड सुटायला एटीपीचा नवा रेणू डोक्याला येऊन चिकटावा लागतो. सैल पडायलाही शरीराला खर्च आहेच.

अण्णा २०१६च्या पावसाळ्यात गेले, मध्यरात्री. धाकटा भाऊ पुण्याहून यायचा होता, म्हणून दुपारपर्यंत थांबलो. सकाळी धारवाडची थोरली आत्या आली. सासरी साठ वर्षे काढलेली. दुःखात तिच्या तोंडी कन्नडच येते. अण्णांची उजवी मूठ बघून म्हणाली, "कैयाग एनो इट्कोंडान नोड." हातात काहीतरी धरून ठेवलंय बघ. मग मराठीत, "कशात तरी जीव अडकलाय माझ्या भावाचा." सगळे माझ्याकडे बघू लागले. घरातला शिकलेला मी.

उत्तर मला पाठ होते. श्वास थांबला, एटीपी संपले, डोकी जिथल्या तिथे अडकली. एक-दोन दिवसांत प्रथिने विघटित होऊ लागली की आपोआप सैल पडते. मी एवढेच म्हणालो, "आत्या, गेल्यावर सगळ्यांचंच असं होतं." "तुला काय ठाऊक," ती म्हणाली. मी गप्प बसलो.

आई मात्र काही बोलली नाही. अण्णांचा हात मांडीवर घेऊन, रोज रात्री चेपायची तसे एकेक बोट चेपत राहिली. ओढले नाही, घाई केली नाही. मुठीत काही नव्हते. भाऊ आला तेव्हा अंगठा थोडा उघडला होता. त्याने आपले बोट तिथे सरकवले आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.