करेन निर्वासित: आसरा मिळाला, आवाजाचे काय?

आमच्या तरुण कार्यकर्त्यांचा एक प्रश्न हमखास येतो. 'म्यानमार तर बौद्ध देश. मग तिथून लोक जीव मुठीत धरून का पळतात?' विचारणाऱ्याला रोहिंग्या ऐकून माहीत असतात, करेन माहीत नसतात. आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात राहणारी चार-पाच आंबेडकरवादी कुटुंबे. पोटापाण्यासाठी इथे आलो. या राज्यात करेन लोकांची संख्या वीस हजारांच्या आसपास आहे. अमेरिकेतली त्यांची सर्वांत मोठी वस्ती हीच. आमच्या मुलांच्या वर्गात करेन मुले आहेत. सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांच्यातल्या काही जणांना अर्ज भरायला आणि नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करायला मदत करतो. म्हणून हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

करेन हे म्यानमारच्या पूर्व सीमेवरचे डोंगर आणि इरावतीचा त्रिभुज प्रदेश इथले लोक. त्यांच्यात बौद्ध बहुसंख्य आहेत, ख्रिस्ती बरेच आहेत. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्रजांच्या बाजूने लढले आणि जाताना इंग्रज त्यांना वाऱ्यावर सोडून गेले. ४ जानेवारी १९४८ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. ३१ जानेवारी १९४९ला करेनांचे युद्ध सुरू झाले, ते आजही पूर्ण थांबलेले नाही. साठच्या दशकापासून लष्कराने धोरणच ठरवले की बंडखोरांचे अन्न, पैसा, माहिती आणि माणसे, चारही तोडायची. प्रत्यक्षात याचा अर्थ गावे जाळणे, भाताची कोठारे पेटवणे आणि गावकऱ्यांना पकडून फौजेची ओझी वाहायला लावणे. वेठबिगारी हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

बाबासाहेब डिसेंबर १९५४मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा हे युद्ध सहाव्या वर्षात होते. पुढे १९६१मध्ये तिथल्या सरकारने बौद्ध धर्माला राजधर्म केले. रंगूनच्या परिषदेनंतर दोनच वर्षांत नागपूरला बाबासाहेबांनी जो धम्म दिला, त्याची कसोटी समता, स्वातंत्र्य आणि बंधुता ही होती. राजधर्म झालेल्या बौद्ध धर्माची कसोटी मात्र सत्ता झाली. दोन्हींना एकच नाव आहे म्हणून आपण गप्प बसायचे का? सेंट पॉलमध्ये करेन बौद्ध कुटुंबांच्या घरी बुद्धमूर्ती असते. त्यांचे गाव जाळणाऱ्या सैनिकांच्या छावणीतही बुद्धमूर्ती होती. कोणत्या मूर्तीपुढे आपण हात जोडतो, हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

१९८४पासून करेन निर्वासित थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत राहू लागले. माए ला ही त्यातली सर्वांत मोठी. थायलंडने निर्वासितांसंबंधीचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार मान्य केलेला नाही. त्यामुळे घर बांबूचे आणि पानांचेच बांधायचे, कारण पक्के घर म्हणजे कायमचा मुक्काम. छावणीबाहेर पडले तर अटकेची भीती. कामाला परवानगी नव्हती, रेशनवर जगावे लागे. अशा ठिकाणी मुले जन्मली, मोठी झाली आणि त्यांनाही मुले झाली. २००५पासून तिथून एक लाखाहून अधिक लोक तिसऱ्या देशांत पाठवले गेले. त्यातले बहुतेक अमेरिकेत आले.

अमेरिकेने त्यांना फुकट आणले, असा समज आपल्याकडे आहे. तिकिटाचे पैसे कर्ज म्हणून लिहिले जातात. व्याज नसते, पण आल्यावर काही महिन्यांत हप्ते सुरू होतात. म्हणजे नव्या देशात पाऊल ठेवताना हातात पहिला कागद असतो तो कर्जाचा. पुनर्वसन संस्थेची सुरुवातीची मदत साधारण ९० दिवसांची. तेवढ्यात घर, शाळा, नोकरी आणि बसचे मार्ग सगळे शिकून घ्यायचे. ज्या माणसाने कधी कुलूप लावले नाही, त्याने उणे वीस अंशांच्या थंडीत पहाटे बसची वाट बघायची.

अर्ज भरताना पहिली अडचण नावाची येते. करेनांना आडनाव नसते. 'सॉ' हे पुरुषाच्या आणि 'नॉ' हे बाईच्या नावाआधी लावायचे संबोधन, आपल्याकडच्या श्री आणि श्रीमतीसारखे. इथल्या अर्जात पहिले नाव आणि आडनाव लागतेच. मग घरातले सगळे पुरुष 'सॉ' होतात आणि बाप-लेकाची आडनावे वेगळी दिसतात. कचेरीतला माणूस विचारतो, हा तुमचाच मुलगा कशावरून? आडनाव विचारून जात हुडकणाऱ्या समाजातून आम्ही आलो आहोत. आडनाव असल्याने आम्ही पकडले जात होतो, नसल्याने हे अडतात.

जन्मतारखेचेही तसेच. ज्यांना तारीख ठाऊक नाही, त्यांच्या कागदावर १ जानेवारी लिहिली जाते. आपल्या आईवडिलांच्या पिढीत गुरुजींनी १ जून लिहिली, तशीच. ज्यांच्या जन्माची कुणी नोंद ठेवली नाही, त्यांना जगभर सोयीची तारीख मिळते.

काम मिळते, हे खरे. दक्षिण डकोटातल्या ह्युरॉन गावात कितीतरी करेन टर्की पक्ष्यांचे मांस तयार करणाऱ्या कारखान्यात कामाला आहेत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात निल नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या बदकांच्या कारखान्याला कामगार मिळेनात, तेव्हा २०१०पासून करेन कुटुंबे तिथे आणली गेली. २०१५च्या एका अभ्यासानुसार पाच वर्षांत त्यांच्यामुळे त्या भागाच्या अर्थव्यवस्थेत सुमारे ४ कोटी १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भर पडली. निलचे उदाहरण चांगलेच आहे. गावाने त्यांना घरे मिळवून दिली, इंग्रजी शिकवले. पण एक प्रश्न आम्ही विचारणारच. माणसाला आसरा देणे योग्य होते हे पटवायला डॉलरचा हिशेब का लागावा? म्हातारे, आजारी आणि काम न करू शकणारे निर्वासित काय तोट्यात धरायचे?

करेनांविषयी इथे एक वाक्य वारंवार ऐकू येते. 'फार शांत लोक. कष्टाळू. कधी तक्रार करत नाहीत.' हे ऐकले की आमचे कान टवकारतात. गावगाड्यातही 'आमच्या गावचे तुमचे लोक फार चांगले' असे म्हणत. चांगले म्हणजे पायरीवर बसणारे आणि मजुरी कमी दिली तरी न बोलणारे. तक्रार न करणे हा करेनांचा स्वभाव नाही. जिथे तक्रार केली की गाव जळते, तिथे पिढ्या काढल्यावर लागलेली ती सवय आहे. २०२०च्या साथीत मांसाचे कारखाने सुरूच ठेवले गेले. एकमेकांना खेटून काम करणाऱ्या कामगारांत निर्वासित मोठ्या संख्येने होते. तेव्हा या शांतपणाचा फायदा कुणाला झाला?

दवाखान्यात बारा वर्षांची मुलगी आईचे दुखणे डॉक्टरला इंग्रजीत सांगते, हे आम्ही पाहिले आहे. आईला काही गोष्टी मुलीसमोर बोलायच्या नसतात. त्या तशाच राहतात. याला जुळवून घेणे म्हणतात का? त्या आईला तिच्या भाषेत दुभाषा मिळणे ही दया नाही, तो तिचा हक्क आहे.

हा हक्क करेन आता स्वतः मागू लागले आहेत. २००८मध्ये त्यांनी मिनेसोटात स्वतःची संघटना उभी केली. दुभाषे, नोकरीची मदत, तरुणांचे वर्ग असे काम तिथे करेन माणसेच चालवतात. दरवर्षी ते करेन नववर्ष साजरे करतात आणि १२ ऑगस्टला हुतात्मा दिन पाळतात. अंगणात, सामुदायिक बागेत अंबाडी लावतात. होय, आपलीच अंबाडी. माशाची आंबवलेली चटणी शिजली की शेजारी नाक मुरडतात. भाड्याच्या घरात सुकट भाजल्यावर घरमालकाचे बोलणे खाल्लेल्यांना त्याचे नवल नाही.

आता दार बंद झाले आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने निर्वासितांना आणणेच थांबवले आणि जूनमध्ये म्यानमारच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. ज्यांचे आईवडील किंवा भावंडे छावणीत आहेत, त्यांची ताटातूट झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थायलंडने छावण्यांतल्या लोकांना कामाची परवानगी द्यायचे ठरवले. चाळीस वर्षांनी!

मित्रांनो, 'अमेरिका वाईट' म्हणून मोकळे होऊ नका. १९५१चा करार भारतानेही मान्य केलेला नाही. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्ध हा शब्द आहे, पण तो पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानपुरता. म्यानमार त्यात नाही. २०२१च्या लष्करी उठावानंतर मिझोराममध्ये आलेल्या चिन लोकांना कायद्याचा आधार नाही. त्यांना घास दिला तो मिझो जनतेने. धर्म आणि देश बघून आसरा देणारा कायदा बाबासाहेबांच्या संविधानाच्या तत्त्वात बसतो का, हे आपण विचारलेच पाहिजे.

आमचे म्हणणे इतकेच आहे. निर्वासिताला छप्पर आणि मजुरी दिली की काम संपत नाही. त्याला त्याचे नाव, त्याची भाषा आणि निर्णयात जागा मिळाली पाहिजे. परदेशात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अशा लोकांच्या संघटनांशी नाते जोडावे. त्यांचे म्हणणे ऐकावे, आपले सांगावे. तक्रार न करणारा माणूस सगळ्यांना आवडतो. आपली चळवळ तक्रार करायला शिकलेल्यांची आहे.

जय भीम!