मामा तलावाच्या गावाला

वीकेंडला लोणावळा, महाबळेश्वर आपण सगळेच करतो. या वेळी मी मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली आणि थेट शेवटच्या स्टेशनवर, गोंदियाला उतरलो. सॅकमध्ये कॅमेरा, चार्जर आणि आजोबांचा लाल फडक्यात बांधलेला बस्ता. आमचं घराणं मालगुजारांचं. "आपण कोलू पाटलाच्या वंशातले," असं आजोबा शेवटपर्यंत सांगायचे. खरं की थाप, तेवढंच बघायचं होतं.

आता हे कोलू पाटील कोण? गोंदियाहून साधारण 65 किलोमीटरवर नवेगावबांध आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी इथल्या टेकड्यांमध्ये पाळ घालून अफाट तलाव बांधला. भोवतीच्या टेकड्या म्हणजे सातबहिणी. बांधकामात त्यांनीच मदत केली, अशी लोकांची श्रद्धा. खुद्द कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले, त्यांचं ठाणं टेकडीवर आहे. कोहळी म्हणजे ऊस-धान पिकवणारे, तलाव बांधण्यात वाकबगार लोक. चांद्याच्या गोंड राजाने आपल्याला बनारसहून आणलं, अशी त्यांची आख्यायिका.

पूर्वज देव निघाला तर कोणाला नको असतं? पण बस्ता उघडला आणि गाडी 1860च्या दशकातच अडली. इंग्रजांनी त्या सुमारास बंदोबस्त करून मालगुजारांना गावाची मालकी दिली, आमचं नाव तिथून सुरू होतं. त्यामागे कागदच नाही. कोलू पाटलांशी नातं जोडणारी एक ओळही नाही. खरं सांगतो, चेहरा पडला.

मग आमच्या मूळ गावी गेलो. एक म्हातारे काका तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. बस्त्यातला 'वाजिब-उल-अर्ज' त्यांना वाचून दाखवला. म्हणजे गावच्या रिवाजांची नोंद: तलावाचं पाणी कोणाला, पाळीची दुरुस्ती कोणी करायची. दुरुस्ती मालगुजाराकडे होती. आणि माती वाहणारे? त्यांची नावं कुठेच नव्हती. काका म्हणाले, "माहा आजा होता जी त्याच्यात. तुमच्या आज्यानं बसून मोजलं, माह्या आज्यानं डोक्यावर वाहलं."

मी काय बोलणार? वंशावळ शोधायला मी आलो होतो, आणि अर्धी वंशावळ त्यांच्याकडे होती.

1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. नाव पडलं 'माजी मालगुजारी', म्हणून 'मामा तलाव'! मालक गेला, दुरुस्तीचा रिवाजही विरला. आमच्या तलावात आज गाळ आहे आणि काठाला बेशरमची झुडपं. खालची धानाची शेती मात्र अजून त्याच पाण्याची वाट पाहते.

निघताना काकांनी विचारलं, "उन्हाळ्यात गाळ काढाचा हाय, येता का?" हो म्हणालो. मे महिन्यातली सुट्टी टाकलीय. गोव्याचं बुकिंग कॅन्सल!

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा. नवेगावच्या तलावावर पक्षी असतात, शेजारी 2013 मध्ये जाहीर झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वाघ दिसेल, न दिसेल. पण पाळीवर जरा थांबा. ती माती कोणीतरी डोक्यावरून आणलेली आहे.