चार बोटं कोरडी

"मामाजी, न डुलणारा डोंगा करून द्या." गिऱ्हाईक असं म्हणालं की म्हातारा आधी बिडी पेटवतो. अहेरी तालुक्यात, प्राणहितेच्या काठी, त्याची सगळी हयात डोंगे तासण्यात आणि पुढे पत्र्याचे ठोकण्यात गेली. नाव छापायला त्याची सक्त मनाई आहे. "छापून आलं का खात्याचा माणूस विचारते, लाकूड कुठून आणलं म्हणून." खांदा दुखायला लागल्यापासून वासला भाच्याच्या हातात गेला आहे आणि म्हाताऱ्याकडे उरलं आहे फक्त बोलणं. ते तो भरपूर करतो, आणि फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतो.

ती गोष्ट अशी. काठाला बांधलेल्या डोंग्यात पाय टाकला आणि तो हलला नाही, की माणूस खूश होतो. पैसे मोजतो, घेऊन जातो. पण काठाला न हललेला डोंगा मधल्या धारेत कसा वागेल, हे काठावर कळत नाही. सपाट बुडाचा डोंगा पाण्याच्या पाठीला चिकटून असतो. पाणी सपाट तर तो सपाट, लाट तिरपी तर तोही तिरपा. गोल बुडाचा पाय टाकताच डुलतो, नवख्याला घाबरवतो, पण लाट आडवी आली की ती खालून निघून जाऊ देतो आणि वरचा माणूस ताठ राहतो. सपाट बुडाचा डोंगा एका मर्यादेपर्यंत कलतच नाही आणि ती ओलांडली की सावरायला वेळ देत नाही. गोल बुडाचा सारखा कलतो, पण त्यात बसणाऱ्याला कलंडण्याचा अंदाज येत राहतो. म्हाताऱ्याचा सगळा जीव या दोन बुडांमध्ये अडकला आहे. किती गोल, किती सपाट, आणि कुणासाठी?

नदीत कसल्या आल्या लाटा, असं ज्यांना वाटतं त्यांनी जुलैत इकडे यावं. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता. सिरोंच्याखाली गोदावरीला मिळेपर्यंत ती जेमतेम ११३ किलोमीटर धावते, पण गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तिच्या एकटीच्या पाणलोटात आहे. एवढं पाणी दक्षिणेला निघालेलं आणि नैर्ऋत्येचा वारा त्याच्या समोरून आलेला, म्हणजे लाटा आखूड, उभ्या आणि एकीमागे एक. त्यात देवलमरीचे खडक.

या खडकांनी मोठ्या मोठ्यांना दमवलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत न्यायचा घाट इंग्रजांनी घातला. कॅप्टन हेग या कामावर होते. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल पाठीशी होते. वाटेत तीन अडथळे मोजले गेले : पहिला दुम्मागुडेम, दुसरा इंचमपल्ली आणि तिसरा देवलमरी. कालवे खोदले, बांध घातले, उथळ पाण्यावर चालणाऱ्या आगबोटी आणल्या. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोचली आणि १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आलं. म्हाताऱ्याला हा इतिहास कुणीतरी सांगितलेला आहे आणि तो त्याला भलताच आवडतो. आगबोट हरली, डोंगा राहिला, एवढाच त्याच्या लेखी या इतिहासाचा अर्थ. कापूस रेल्वेने गेला म्हणून आगबोट गेली, हे त्याला पटवायच्या भानगडीत पडू नये.

लाकडाचा डोंगा आता जवळजवळ संपला. काटेसावर हलकी आणि तासायला मऊ, पण लवकर सडते. सागाला हात लावायचा तर परवाना हवा. आलापल्ली-बल्लारपूरकडचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराला वाजतगाजत गेला. त्या मिरवणुकीबद्दल म्हाताऱ्याचं मत इथे न दिलेलं बरं. तेव्हा आता पत्रा. पत्र्याचा डोंगा स्वस्त पडतो आणि लवकर होतो, पण सांध्यांना डांबर आणि सपाट बूड, कारण पत्रा गोल वाकवायला यंत्र लागतं. थोडक्यात, बूड कसं असावं हे नदीवरून न ठरता पत्र्यावरून ठरायला लागलं. शिवाय एक फरक असा की त्यापुढे बाकीचे सगळे फिके. लाकडाचा डोंगा पाण्याने काठोकाठ भरला तरी तरंगतो. उलटला तरी त्याला धरून माणूस काठाला लागतो. पत्र्याचा भरला की तळाला जातो.

यावर तोडगा भाच्याने काढला. रिकामे प्लास्टिकचे कॅन, बूच घट्ट लावून, दोन्ही टोकांना पाटाखाली तारेने आवळायचे. म्हातारा आधी हसला. मग एक दिवस कुणी नसताना त्याने डोंगा गुडघाभर पाण्यात नेऊन मुद्दाम भरला. तो बुडाला नाही. हे त्याने भाच्याला सांगितलं नाही, पण पुढच्या डोंग्याला कॅन किती लागतील ते मात्र स्वतःच विचारलं.

भाच्यानेच त्याला मोबाईलवर सर्फ स्की दाखवली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर १९३०च्या दशकात निघालेली ही होडी आधी बुडणाऱ्यांना वाचवायला वापरत, आता ती शर्यतीची झाली आहे. सहा मीटरच्या आसपास लांब, हातभर रुंद, वरून बंद. माणूस आत न बसता वरच्या खोलगट जागेत बसतो. हवाईत मोलोकाई ते ओआहू ही पन्नासेक किलोमीटरची शर्यत होते. दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर चालुप्स्की ती बारा वेळा जिंकला, शेवटची २०१२ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. हे वय ऐकून म्हातारा सरसावून बसला. त्याहून त्याला आवडलं ते चालुप्स्कीचं शिकवणं : आधी स्थैर्य, मग कौशल्य. ज्या होडीत तोल सांभाळण्यातच ताकद जाते ती वेगाने चालवता येत नाही, म्हणून अरुंद होडीची हौस करणाऱ्यापेक्षा रुंद होडीत नीट वल्हवणारा खवळलेल्या समुद्रात पुढे जातो. एपिक कंपनीच्या होड्यांमध्ये नवख्यांची व्ही-८ सुमारे ५६ सेंटिमीटर रुंद आणि पट्टीच्यांची व्ही-१२ सुमारे ४३. फरक वितीपेक्षाही कमी.

पण रुंदीचा हिशोब साधा नसतो. फ्रेंच गणिती पिएर बुगेर याने १७४६ मध्ये जहाजाच्या तोलाचं गणित मांडलं. त्यानुसार पाण्याच्या पातळीवरची रुंदी वाढली की तोल सावरण्याची शक्ती रुंदीच्या घनाने वाढते. लांबी तेवढीच ठेवून अडीच फुटांचा डोंगा तीन फुटांचा केला तर ही शक्ती वीस टक्क्यांनी न वाढता जवळजवळ पावणेदोनपट होते. त्या दोन होड्यांमधली वितीहून कमी तफावतही, लांबी सारखी धरली तर, याच हिशोबाने दुपटीच्या पुढे जाते. म्हाताऱ्याला घन ठाऊक नाही, पण सहा बोटं वाढवली की डोंगा निराळाच होतो, हे त्याला ठाऊक आहे. त्याची परीक्षा पाण्यातच होते. डोंगा तरंगत ठेवून तो बाहेरून पाण्याच्या पातळीला कोळशाची रेघ ओढतो. मग धानाची दोन पोती एका अंगाला सरकवतो आणि काठावर आडवा हात धरून पाहतो. पाणी आणि काठ यांच्यामध्ये चार बोटं कोरडी राहिली तर ठीक. तीन राहिली तर पोती काढून पुन्हा ठोकाठोकी. रेघ पुसायची नाही, असा त्याचा दंडक आहे. माणसं बसल्यावर ती किती खोल गेली ते नावाड्याला दिसलं पाहिजे.

त्याचा स्वतःचा डोंगा मात्र या कशातच बसत नाही. सावरीचा, अरुंद, बूड पार गोल. त्यात तो उभा राहून जाळं फेकायचा आणि काठावरची पोरं तोंडात बोट घालून बघायची. दुसरा कुणी चढला की दोन क्षणांत पाण्यात. असा डोंगा कशाला, असं विचारलं तर तो आधी म्हणतो, लाटेत हाच चांगला. जरा ताणून धरलं की खरं सांगतो : दुसऱ्याला जमत नाही म्हणून. खांदा गेल्यावर तो डोंगा विकला का नाही? कोण घेणार, म्हणतो. पण एकाने विचारलं होतं, आणि त्याने दुप्पट भाव सांगून त्याला परत पाठवलं, असं भाचा सांगतो.

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. म्हातारा त्या नदीवरचा नाही, ती नाव त्याची नाही. तरी त्यानंतर त्याच्या कामात फरक पडला. तोवर तो डोंग्याचा विचार मासे मारणाऱ्या एका ढिवराच्या अंगाने करत आला होता. ढीवर लाटेबरोबर कंबर हलवतो. मजुरीला निघालेली बाई डबा आणि मूल सांभाळते, घाबरली की शेजारणीला धरते आणि उठून उभी राहते. तिच्यासाठी लाटेतलं गोल बूड कामाचं नाही. तिला रुंद, सपाट बूड हवं, आणि ते एका मर्यादेनंतर दगा देतं हे तर त्यानेच जन्मभर सांगितलेलं. म्हणजे बुडाशी खेळून हा प्रश्न सुटत नाही. मग वजन खाली आणायचं. सर्फ स्कीवालेही बसायची जागा बोटभर खाली-वर झाली की भांडतात, हे भाच्याने सांगितलं होतंच.

याच्या उलट, भामरागडकडे दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकतात आणि मोटारसायकली नेतात. पर्लकोटा नदी फुगली की पूल पाण्याखाली जातो, तेव्हा दुसरं करणार तरी काय! म्हाताऱ्याला तो जोडडोंगा मुळीच आवडत नाही. फळ्यांवर उंच बसलेलं वजन, लाटेत दोन्ही डोंगे वेगवेगळे उचलले जातात, दोरावर ताण येतो, आणि एकात पाणी शिरलं की तो दुसऱ्यालाही ओढतो. हे सगळं बरोबर आहे. पण सपाट पाण्यावर जोडडोंग्याइतकं स्थिर काही नाही, हेही बरोबर आहे, आणि ते कबूल करायची त्याची तयारी नाही. वेल्डिंगच्या दुकानात पत्र्याचे डोंगे घाऊक करून विकणाऱ्यांबद्दल तर तो बोलायला लागला की ऊठ म्हणावं लागतं. त्यांनी डोंग्यात कधी पाय ठेवला नाही, अशी त्याची तक्रार. ती खरी असेलही. पण त्यांचे डोंगे निम्म्या वेळात मिळतात, आणि गावाला पाऊस लागायच्या आत डोंगा हवा असतो.

यंदा गावाचा नवा डोंगा भाच्याने केला. तीन फूट रुंद, बूड सपाट पण कडांना थोडं उचललेलं. त्यासाठी पत्रा लाकडी ओंडक्यावर ठेवून हळूहळू ठोकला. टोकांना कॅन. बसायचे पाट म्हाताऱ्याने हट्टाने चार बोटं खाली बसवायला लावले. पहिल्याच फेरीत बायकांनी कुरकुर केली : गुडघे छातीला लागतात, लुगडं भिजते. भाचा म्हणाला, पाट वर घेतो. म्हातारा म्हणाला, घेऊन तर पाय. दुसऱ्या दिवशी बायका घरून धानाची रिकामी पोती घेऊन आल्या, घड्या करून पाटावर रचल्या आणि ऐसपैस बसल्या. उंची पहिल्यापेक्षा दोन बोटं जास्तच झाली. म्हाताऱ्याने काठावरून कोळशाच्या रेघेकडे पाहिलं, आणि पोती काढा म्हणून ओरडायला लागला.