कापलेली सही

लहानपणी कुणी तिकिटे जमवतो, कुणी काडेपेट्यांवरची चित्रे. मी नेत्यांच्या सह्या जमवत होतो. आमच्या सुरगाण्याला नेते यायचे निवडणुकीपुरते, पण त्यांची पत्रे अब्बांच्या किराणा दुकानात वर्षभर यायची. अब्बांचे अक्षर सुरेख होते. पाड्यांवरचे शेतकरी मीठ-तेल न्यायला आले की त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत आणि उत्तरासाठी आमच्याच दुकानाचा पत्ता देत.

खरी सही कशी ओळखायची, हे अब्बांनीच शिकवले. मतदानाआधी घरोघर येणारी 'आपला नम्र' छापाची पत्रे बाद, कारण त्यांवरची सही छापलेली असते. कागद उलटा करायचा आणि बोट फिरवायचे. पेनाचा दाब लागला तर सही हाताची. ओले बोट कडेला टेकवल्यावर शाई पसरली, तर खात्रीच.

१९९४ साली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अर्जाला मंत्र्यांचे उत्तर आले. तो कसत असलेल्या वनजमिनीचा उल्लेख होता, गावाचे नाव होते, तारीख होती आणि खाली निळ्या शाईची झोकदार सही. त्याला वाचता येत नव्हते. अब्बांनी मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, "शेठ, घरात पावसाचं पाणी गळतं. कागद तुमच्याजवळच ठेवा." अब्बांनी पत्र गल्ल्याच्या मागे डब्यात ठेवले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. एका दुपारी अब्बा जोहरच्या नमाजला गेले आणि मी कात्रीने सही कापून माझ्या वहीत चिकटवली. उरलेला कागद चुलीत टाकला. कुणाला कळले नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. ६ तारखेला निघालेले लोक सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. सरकारने लेखी आश्वासन दिल्यावरच ते उठले. आमच्या तालुक्यातले कितीतरी लोक त्यात होते. मोठी मागणी वनजमिनीची. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी दावेदाराला जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपल्या ताब्यात असल्याचे दाखवावे लागते.

मोर्चाहून परतल्यावर त्या म्हाताऱ्याचा मुलगा दुकानात आला. पायांची कातडी सोललेली होती. म्हणाला, "भाऊ, बाबा मरताना सांगून गेला, एक कागद शेठकडं आहे."

अब्बा तोवर अल्लाहला प्यारे झाले होते. मी रिकामा डबा उघडून दाखवू शकलो असतो. ते जमले नाही. आतून वही आणली आणि ते पान त्याच्यापुढे ठेवले. त्याने दोन बोटे रुंदीचा तो तुकडा बराच वेळ पाहिला. मग विचारले, "सही चांगली आहे. पण ही कशाची?"

मला उत्तर देता येईना. कुरआनमधली सर्वांत लांब आयत उधार-उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह बकरामधली २८२ वी. दर रमजानमध्ये मी ती वाचत आलो. लिहिलेल्या कागदावर कुणाचा तरी हक्क टिकून असतो, हे मात्र त्या दिवशी कळले. तो कागद अमानत होता आणि मी त्यात खयानत केली होती.

त्याची माफी मागितली. तो रागावला नाही, म्हणून आणखी लाज वाटली. माफीने पुरावा परत येत नाही, तेव्हा दुसरी वाट शोधली. वनहक्काच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. त्याच्याबरोबर पाड्यावर गेलो. तीन म्हाताऱ्यांनी सांगितले तसे लिहून घेतले, त्यांना वाचून दाखवले आणि मग अंगठे घेतले. कागद गावच्या वनहक्क समितीकडे दिले. दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही.

आता दुकानात कुणाचे पत्र आले की तारीख टाकून नोंदवहीत लिहितो, झेरॉक्स आमच्याकडे ठेवतो आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ज्याचा त्याच्या हातात देतो. सह्या जमवणे बंद केले आहे. जुनी वही मात्र ठेवली आहे. त्या निळ्या सहीखाली मी लहानपणी मंत्र्यांचे नाव लिहिले होते. ते खोडून तिथे त्या शेतकऱ्याचे नाव लिहिले आहे. पत्र त्याचे होते.