म्हातारपणाची वर्गणी

आमच्या गावात वर्गणीचे दोन प्रकार आहेत. पहिली मंडळाची. ती ऐच्छिक असते असे पावतीपुस्तक सांगते, आणि ती तशी नाही हे दारात उभी असलेली पाच माणसे नुसत्या उभे राहण्याने सुचवतात. दुसरी सरकारची. ती सक्तीची, पण पगारातून परस्पर कापली जात असल्यामुळे तिच्याबद्दल कुरकुर करण्यापलीकडे माणसाच्या हाती काही उरत नाही. मी मात्र गेली काही वर्षे तिसऱ्याच जातीची वर्गणी भरतो आहे. ती मागायला कोणी येत नाही, न भरल्यास कोणी रागावत नाही, आणि ती भरायची असते आचऱ्यात बसून विलायतेच्या सरकारला!

२००७ ते २०१९ अशी बारा वर्षे मी इंग्लंडात एका कारखान्याचे हिशेब लिहिले. दर महिन्याला पगारातून राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली जाई. मग गावी परतलो. आमचा गाव जाण्यायेण्यात मोठा वाकबगार. दर तीनचार वर्षांनी गावपळण होते. माणसे, गुरेढोरे, कोंबड्या, सारे वेशीबाहेर राहुट्यांत जाते, आणि तीन दिवस तीन रात्री झाल्या की रामेश्वराचा कौल घेऊन परत येते. जाणे सोपे, परतताना मात्र कौल लागतो. माझाही एक कौल साहेबाच्या दरबारी अडकून राहिला होता: कापून घेतलेल्या बारा वर्षांचे पुढे काय?

तिकडचा नियम असा. २०१६ च्या एप्रिलपासून सुरू झालेल्या नव्या पेन्शनीसाठी निदान दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि पूर्ण पेन्शनीसाठी साधारण पस्तीस वर्षांची. माझ्या वयाच्या माणसाला ती सदुसष्टाव्या वर्षी सुरू होते. देश सोडून गेलेल्यालाही राहिलेली वर्षे स्वखुशीने भरता येतात. बहुधा मागची सहा वर्षेपर्यंत.

पेन्शन म्हणजे आपल्या नावाची एखादी पेटी तिकडे कुलूप लावून ठेवलेली असते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे काही नाही. आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांना द्यायचे, असा तो मामला आहे. १ जानेवारी १९०९ ला तिथे पहिली वृद्ध पेन्शन वाटली गेली, तेव्हा ती सत्तरी ओलांडलेल्या गरिबांसाठी होती, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग, आणि वर्गणी मुळीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, बेव्हरिज यांनी आपला अहवाल दिला, आणि ५ जुलै १९४८ पासून सर्वांनी भरायचे व सर्वांना मिळायचे ही आजची रीत सुरू झाली. तेव्हा माझ्या नावावर तिकडे पैसे नाहीत, नुसती वर्षे आहेत. मी वर्षे विकत घेतो!

आता हिशेबनीसाला शोभेसा हिशेब मांडतो. २०२५-२६ साली पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. तिचा पस्तिसावा भाग म्हणजे साधारण साडेसहा पौंड. वर्षाचे सुमारे ३४२. एवढी पेन्शन वाढवणारे एक वर्ष विकत घ्यायला त्या साली दोन दर होते. परदेशात कामधंदा करणाऱ्या आणि बाकीच्या अटींत बसणाऱ्या माझ्यासारख्यांना आठवड्याला साडेतीन पौंड, म्हणजे वर्षाला १८२. आणि इतरांना आठवड्याला १७.७५, म्हणजे वर्षाला ९२३. स्वस्त वर्ष पेन्शनीच्या पहिल्या सातेक महिन्यांत वसूल होते. महाग वर्षाला पावणेतीन वर्षे लागतात. स्वस्त होती तेवढी वर्षे मी भरून टाकली आणि बाराची एकोणीस केली. पण २०२५ च्या नोव्हेंबरातल्या तिकडच्या अंदाजपत्रकात जाहीर झाले, की ६ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी परदेशस्थांना तो स्वस्त दर मिळणार नाही. यापुढे एकेका वर्षाला आपले लाखभर रुपये.

त्यात आणखी एक मेख आहे. इंग्लंडात राहणाऱ्याची पेन्शन दरसाल वाढते. हिंदुस्थानात राहणाऱ्याची पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. अमेरिकेत गेलेल्याची वाढते, कॅनडा-ऑस्ट्रेलियात गेलेल्याची वाढत नाही. यावर काही पेन्शनर थेट युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत भांडले आणि २०१० साली हरले. म्हणजे मासळीचा भाव चढत जाणार आणि माझे पौंड खडकासारखे जागच्या जागी!

हे सारे मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या चुलत्यांना समजावून सांगितले. त्यांनी सुपारी कातरता कातरता एकच विचारले, "पैशे भरतलंस ता ठीक, पण जगतलंस किती वर्सां?"

पेन्शनीचे सारे शास्त्र त्या प्रश्नात आहे. आमच्या घराला दुसऱ्याने धाडलेल्या पैशांची सवय. वडील मुंबईहून मनीऑर्डर करीत आणि आजी पोस्टमनची वाट पाहत बसे. आखातातून परतलेले माझे सोबती एकरकमी ग्रॅच्युइटी घेऊन आले. तिथल्या सरकारांची पेन्शन परक्यांसाठी नाही. माझी वर्गणी ही मीच केलेली मनीऑर्डर आहे, सदुसष्ट वर्षांच्या एका गृहस्थाला. तो मला अजून भेटलेला नाही. भेटेलच अशी खात्री नाही. पण भेटला, तर त्याला मुलापुढे हात पसरावा लागू नये एवढी माझी इच्छा आहे.

पत्नीने हा कागद शांतपणे वाचला. म्हणाली, "अहो, आणि तो गृहस्थ आधी गेला तर?"

तर काही नाही. नव्या पद्धतीत ज्याची वर्षे त्याची पेन्शन. पतीच्या वर्गणीवर पत्नीला ती मिळत नाही. इंग्लंडात बारा वर्षांखालचे मूल सांभाळणाऱ्या आईला तिथले सरकार ती वर्षे भरल्यासारखी धरते. पण मी तिकडे आकडे मांडीत असताना आचऱ्यात घर, कलमे आणि माझी अंथरुणाला खिळलेली आई सांभाळणारीची बारा वर्षे कोण धरणार? माझ्या बारांची नोंद विलायतेच्या दप्तरात आहे. तिच्या बारांची कुठेही नाही. खरे पाहता तिची बारा होती म्हणून माझी बारा झाली.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून नवा हिशेब केला. राहिलेले वर्ष काही काळ मागाहूनही भरता येते, दर थोडा चढा पडला तरी. तेव्हा घाई नव्हती. ठरले ते असे: एका वर्षीचे लाख रुपये विलायतेला जातील, आणि पुढच्या वर्षीचे गावच्या पोस्टात, तिच्या एकटीच्या नावावर. माझी पेन्शन त्यामुळे पूर्ण होणार नाही. पस्तीस वर्षे तर मुळीच भरणार नाहीत. आठवड्याला वीसेक पौंड कमी येतील. येईनात!

तिच्या नावाचे पहिले पासबुक घरी आले तेव्हा तिने ते उघडून पाहिले, रकमेवरून बोट फिरवले आणि देवघरात न ठेवता आपल्या ट्रंकेत ठेवून किल्ली कमरेला लावली.