नळ, बाकं आणि हेडलाइन

डिसेंबरचा दुसरा आठवडा. आमच्या ग्रुपवर एकच टॉपिक - थर्टी फर्स्टला काय करायचं? कुणाला गोवा हवं, कुणाला लोणावळा, आणि ज्याला सुट्टीच मिळणार नाही तो बिचारा 'घरीच बसू यार, पिझ्झा मागवू' म्हणतोय. अशाच एका दुपारी, दोन डेडलाइनच्या मधे, फोन वाजला.

"अगं, चौथीच्या बाई बोलतेय."

खरं सांगते, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. वय वर्षं अठ्ठावीस, मास कॉमची डिग्री, मंत्र्यांनाही न घाबरता प्रश्न विचारण्याचा (स्वतःच पसरवलेला) लौकिक... आणि प्राथमिक शाळेतल्या बाईंचा आवाज ऐकला की पाय आपोआप जुळतात!

माझी शाळा नगरची. २०२४ मध्ये गाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण एसटीत तिकीट मागताना आमच्या तोंडून अजून नगरच येतं. शाळा मिशनची, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. चौथीच्या बाई आता मोठ्या बाई झाल्यात, म्हणजे हेडमास्तरीण. रिटायरमेंटला थोडेच दिवस उरलेत.

तर बाईंचं काम असं होतं. दरवर्षी नाताळच्या कार्यक्रमात शाळा एक पान वाटते. 'वर्षअखेरचं वृत्त'. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये संपतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमची शाळा हिशोबाला बसते ती डिसेंबरातच. हे पान गेली कित्येक वर्षं बाईच लिहितात. यंदा त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. "तू पेपरात लिहितेस ना? मग एवढं नीट करून दे." पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर फुलस्केपच्या चार पानांचे फोटो. बारीक, गोल अक्षर. एकूण तेवीस बातम्या.

आणि बातम्या तरी कशा! पाण्याच्या टाकीला दोन नवे नळ बसले. खिचडी करणाऱ्या मावशींच्या मुलीचं लग्न झालं, सर्व वर्ग जेवायला होते. दुसरीतल्या एका मुलाच्या वडिलांनी ११ बाकं ठोकून दिली. पाळकसाहेबांनी पोरांना पेटी शिकवायला सुरुवात केली. तिसरीतल्या एका मुलाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, मुलाला त्याच्याच वर्गातल्या मुलीच्या आजीनं घरी ठेवून घेतलं, त्याची शाळा बुडली नाही...

आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवलेला फंडा आठवला. कुत्रा माणसाला चावला तर ती बातमी नव्हे, माणूस कुत्र्याला चावला तर बातमी. इथे तर कुणी कुणाला चावलंच नव्हतं! मी कात्री चालवली. तेवीसच्या सहा केल्या. दोन फोटो, मस्त बॉक्स, छान फॉन्ट.

आणि हेडलाइन? ती मला समासात सापडली. बाईंनी पेन्सिलनं बारीक लिहिलं होतं - 'पट ५८. मागील वर्षी ७१.' खरी बातमी ती होती! शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं पटावर ठरतात. पट घसरला की पद जातं, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याची रवानगी दुसऱ्या शाळेत. थोडक्यात, बाईंची शाळा एक एक मूल करून रिकामी होत होती आणि बाई नळांबद्दल लिहीत होत्या. मी ठळक टाइपात हेडलाइन टाकली - 'शाळा वाचेल का?' आणि पाठवून दिली. सॉलिड काम झालं म्हणून स्वतःलाच कॉफी पाजली.

रात्री फोन. "पान देखणं झालंय गं. पण हे कुणाचं पान आहे?"

"शाळेचं, बाई."

"मग शाळा कुठाय यात?"

शनिवारी एसटी पकडली.

पुणे ते नगर साधारण १२० किलोमीटर, त्यातला निम्मा जीव वाघोलीच्या ट्रॅफिकमध्येच जातो. विचार करायला भरपूर वेळ. मला कॉलेजातली एक ओळ आठवली. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात आम्ही १८३२ चं 'दर्पण' शिकलो होतो. बाळशास्त्री जांभेकर, ६ जानेवारी, म्हणून पत्रकार दिन. त्याच्याखाली नोट्समध्ये एकच ओळ होती - 'ज्ञानोदय, १८४२, अहमदनगर'. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, शाळा काढल्या, छापखाना चालवला आणि हे नियतकालिक सुरू केलं. सिंथिया फॅरारबाई इथे मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचे धडे त्यांच्याकडे घेतले, असं चरित्रांत वाचायला मिळतं. पुढे रेव्हरंड टिळक, फुलामुलांचे कवी, 'ज्ञानोदय'चं मराठी काम पाहू लागले. मी मात्र पत्रकारिता शिकायला पुण्याला पळाले होते, आणि ही ओळ एका मार्कासाठी पाठ केली होती!

आणि लक्ष्मीबाई टिळक? 'स्मृतिचित्रे'मध्ये काय आहे? स्वयंपाक, भांडणं, सोवळंओवळं, घरी आलेली माणसं, हरवलेल्या वस्तू. माझ्या कुत्रा-माणूस नियमानं ते पुस्तक एडिट केलं असतं, तर चाळीस पानं उरली असती. शिरूर आलं तेव्हा माझा आत्मविश्वास जरा हलायला लागला होता. पण पटाच्या आकड्यावर मी ठाम होते.

शाळेत पोचले तर व्हरांड्यात नाटिकेची तालीम चाललेली. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद घेऊन चौथीची पोरं चांदणी बनवत होती. मेंढपाळांच्या खांद्यावर घरून आणलेली घोंगडी. (मीही मेंढपाळच होते. आजोबांचं घोंगडं इतकं टोचायचं की देवदूत आला तेव्हा मी खाजवत होते.) मरीया झालेली मुलगी मुसलमान. तिची आजी निळी ओढणी नीट करत मला म्हणाली, "मरियम तो हमारे यहाँ भी है ना, बेटा." विषय संपला.

मोठ्या बाईंच्या टेबलावर माझं पान पडलेलं. मी सरळ मुद्द्यावर आले. "बाई, पट कमी झालाय ते का लपवायचं?"

"लपवतेय कुठं? साऱ्या गल्लीला माहितेय." बाईंनी काळा चष्मा वर सरकवला. "तू लिहिलंस, शाळा वाचेल का. वाचणारा काय करेल? ज्यांनी पोरं घातलीत ते पण म्हणतील, काढून घ्यावीत का? आणि ती आजीची बातमी तू उडवलीस. ती का लिहिलीय मी? पुढच्या दिवाळीनंतर आणखी कुणाचं पोर मागं राहील. तेव्हा कुणाला तरी ती आजी आठवायला पाहिजे, म्हणून."

मी गप्प. पण पत्रकार गप्प बसली तरी पटलेलं नसतं, नाही का? "आकडा यायलाच हवा, बाई. पालकांना कळायला हवं."

"बघू," बाई म्हणाल्या. "तू आज राहा घरी. उद्या बोलू."

घरी जेवताना मी पप्पांसमोर सगळं बोलून मोकळी झाले. मम्मी हसत होती. "पप्पा, सांगा ना, ११ बाकं ठोकली ही काय बातमी आहे?"

पप्पा काही बोलले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. परत आले ते प्लॅस्टिकची फाइल घेऊन. रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, माझे दहावी-बारावीचे मार्कलिस्ट... आणि घड्यांवर पिवळं पडलेलं एक पान. वर्ष २००५. सतरावी बातमी. पप्पांचं पूर्ण नाव, आधी 'श्री.', आणि पुढे - 'यांनी शाळेचे ६ पंखे विनामूल्य दुरुस्त करून दिले. शाळा त्यांची आभारी आहे.'

२००५. मी दुसरीत होते. त्या वर्षी पप्पांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली. मला एवढंच आठवतं की पप्पा दुपारी घरी असायचे आणि मला ते फार आवडायचं. बाकी काही कळायचं वय नव्हतं.

"त्या वर्षी कंपनीच्या मस्टरवर नाव नव्हतं," पप्पा म्हणाले. "कुठंच नव्हतं. इथं होतं."

पान परत घडी घालून त्यांनी फाइलमध्ये ठेवलं, रेशनकार्डाच्या खाली. मम्मीनं विषय बदलला. मी भात चिवडत बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना आटोपून बाई शाळेत आल्या. मी विचारलं, "बाई, २००५ मध्ये शाळेचे पंखे खरंच बिघडले होते?"

बाईंनी जरा आठवल्यासारखं केलं. "चालायचे तसे. आवाज करायचे जरा."

एवढंच. आम्ही दोघी पान घेऊन बसलो. तेवीसच्या तेवीस बातम्या परत घेतल्या. फॉन्ट लहान झाला, बॉक्स गेले, फोटो एकच राहिला. सुंदर बिंदर काही दिसत नव्हतं. मग मी पुन्हा पटाचा विषय काढला, आणि यावेळी बाईंनी पेन माझ्याकडे सरकवला. "लिही. पण असं लिही की वाचणाऱ्याला काहीतरी करता येईल." अर्धा तास घासाघीस करून चोविसावी बातमी तयार झाली - 'शाळेचा पट ५८ आहे, गेल्या वर्षी ७१ होता. येत्या जूनमध्ये पहिलीत येण्याजोगी मुलं आपल्या गल्लीत असतील तर त्यांच्या घरी आम्हाला घेऊन चला.' माझ्या आजवरच्या करिअरमधलं सर्वात जास्त वेळ एडिट झालेलं वाक्य!

नाताळच्या कार्यक्रमाला पुन्हा नगर गाठलं. पटांगणात सतरंज्या, वर चांदणी, ढोलकी-पेटीवर नाताळची गाणी. नाटिकेत एका मागी राजाची दाढी सुटली, बाळ येशूऐवजी त्यानं ती गव्हाणीत ठेवली. मग बाईंनी पान वाचायला घेतलं. मी मागे पप्पांशेजारी बसले होते. प्रत्येक बातमीला गर्दीतलं कुणीतरी मान खाली घालायचं आणि शेजारचे त्याच्याकडे बघायचे. बाकं ठोकणारे ते वडील शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होते. ऊसतोडीला गेलेल्यांचं पोर आणि ती आजी पहिल्या रांगेत. चोविसाव्या बातमीला मात्र सगळे शांत झाले. टाळ्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर तीन बाया बाईंभोवती उभ्या होत्या, कुणाच्या जावेचं, कुणाच्या भाडेकरूचं मूल सांगत. तीन मुलांनी पद वाचतं का? नाही. जूनमध्ये काय होईल ते जूनमध्ये.

मधेच माइक गेला होता. पप्पा न बोलता उठले, वायर हलवून बघितली, खिशातल्या पेचकसनं काहीतरी केलं, आवाज आला. (नाताळच्या कार्यक्रमाला पेचकस घेऊन कोण येतं?) निघताना पाया पडले, तर बाई फुलस्केपच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलनं काहीतरी टिपत होत्या. डोकावले. 'माइक', आणि पुढे पप्पांचं नाव.

पुढच्या वर्षीच्या पानाची पहिली बातमी.

थर्टी फर्स्टचं काय ठरलं विचाराल, तर शेवटी पिझ्झाच. बाराच्या आधी ग्रुपमधल्या प्रत्येकानं वर्षातली आपली मोठी न्यूज सांगायची, असा खेळ निघाला. प्रमोशन, फ्लॅटचं बुकिंग, थायलंड. माझी पाळी आली. मी म्हटलं, "आमच्या शाळेच्या टाकीला दोन नवे नळ बसले."

सगळे हसले. मग मी त्यांना पहिल्यापासून सांगायला बसले.