नावाचा शोध

मूल जन्माला आले, की बाराव्या दिवशी त्याला पाळण्यात घालून त्याच्या कानात नाव सांगतात. नाव ठेवणारी आत्या, पाळणा म्हणणाऱ्या बायका, ओटीवर बसलेले आजोबा ही सारी त्या नावाची साक्षीदार असतात. म्हणून 'मी कोण?' हा प्रश्न बहुतेकांना कधी पडतच नाही. त्याचे उत्तर घरात चालतेबोलते वावरत असते. परंतु ज्याच्या नावाला साक्षीदारच उरला नाही, त्याने ते उत्तर कोठे शोधावे? इंग्लंडमधील कवी लेम्न सिसे यांचे बालपण आणि तारुण्य अशाच शोधात गेले.

त्यांची आई इथिओपिया देशातील. ती शिक्षणासाठी इंग्लंडला आली होती. १९६७ साली विगन या गावाजवळ तिला मुलगा झाला. ती अविवाहित होती आणि परक्या मुलखात एकटी होती. आपला पाय स्थिर होईपर्यंत मुलाला कोणीतरी सांभाळावे, एवढीच तिची इच्छा होती. त्याला कायमचा दत्तक देण्याच्या कागदावर तिने सही केली नाही. तरीही संबंधित अधिकाऱ्याने त्या मुलाला 'नॉर्मन' हे स्वतःचेच नाव दिले आणि एका गोऱ्या कुटुंबाकडे सोपविले. हे मूल आपलेच समजावे, असे त्या कुटुंबाला सांगण्यात आले. पुढे आईला मायदेशी परतावे लागले.

त्या धर्मनिष्ठ घरात नॉर्मन वाढला. तेथील आईबाप हेच त्याचे आईबाप आणि तेथील भावंडे हीच त्याची भावंडे. आपला वर्ण त्यांच्याहून निराळा आहे, हे त्याला दिसत होते. पण त्याचे कारण कोणी सांगितले नव्हते. तो बारा वर्षांचा झाला, तेव्हा न विचारता बिस्किटे घेणे, घरी उशिरा येणे असले त्या वयाचे अपराध त्याच्या हातून घडू लागले. घरच्यांना त्यात मोठे पाप दिसले. त्यांनी त्याला बालगृहात पाठविले आणि पुन्हा संबंध ठेवला नाही. आई, वडील, भावंडे, आजी-आजोबा ही सारी नाती एका दिवसात नाहीशी झाली. पुढील वर्षे एका बालगृहातून दुसऱ्या बालगृहात गेली. तेथे जेवण होते, अंथरूण होते, देखरेखही होती. पण पाठीवरून हात फिरविणारे कोणी नव्हते.

बालगृह सोडताना त्याच्या हाती दोन कागद आले. पहिला होता जन्माचा दाखला. त्यावर त्याचे खरे नाव होते : लेम्न सिसे. दुसरे होते १९६८ साली आईने त्या अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र. माझा मुलगा मला परत कसा मिळेल, असे तिने त्यात कळवळून विचारले होते. कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगण्यास कुंती स्वतः आली होती. या मुलाकडे मात्र एक जुने पत्र तेवढे आले. परंतु त्या पत्राने त्याला कळले, की आईने आपल्याला टाकले नव्हते. इथिओपियातील अम्हारिक भाषेत 'लेम्न' या शब्दाचा अर्थ आहे 'का?'. ज्या प्रश्नाने त्याचे बालपण व्यापले होते, तोच त्याचे नाव होता!

त्याने शोध आरंभिला. १९८८ साली, एकविसाव्या वर्षी, आफ्रिकेतील गांबिया देशात त्याला आई भेटली. वडील वैमानिक होते आणि विमान अपघातात ते पूर्वीच निवर्तले होते, हेही त्याला समजले. कथेतल्याप्रमाणे त्या भेटीने सारे दुःख संपले असे मात्र झाले नाही. एकवीस वर्षांचे अंतर एका भेटीत मिटत नाही; हरवलेले बालपण तर कोणालाच परत देता येत नाही.

आपल्याविषयी सरकारी दप्तरात काय लिहिले आहे, हे पाहण्यासाठी सिसे यांनी वर्षानुवर्षे मागणी केली. ते कागद त्यांना २०१५ साली मिळाले. २०१८ साली स्थानिक प्रशासनाने त्यांची माफी मागितली व भरपाई दिली. त्या कागदांच्या आधारे त्यांनी २०१९ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. ज्याला आपले म्हणणारे घर नव्हते, तो मुलगा २०१५ ते २०२२ या काळात मँचेस्टर विद्यापीठाचा कुलपती होता.

तरीही त्यांचे एक काम या मानाहून मोठे वाटते. नाताळच्या दिवशी इंग्लंडमध्ये घरोघरी माणसे एकत्र जेवतात. बालगृहांतून बाहेर पडलेल्या तरुणांना तो दिवस सर्वांत जड जातो. त्यांच्यासाठी २०१३ साली सिसे यांनी मँचेस्टरमध्ये नाताळचे भोजन सुरू केले. पुढे इतर शहरांतही अशी पाने मांडली जाऊ लागली.

अनाथ मुलाला अन्न, वस्त्र आणि निवारा द्यावा, हे सर्वांना पटते. परंतु त्याचे नाव आणि त्याची हकीकत ही त्याचीच ठेव आहे. ती सांभाळून ठेवणे आणि वेळ येताच त्याच्या हाती देणे, हेही पालनाचेच अंग होय.